पुसलेल्या कांजिण्या

फोटोकाकांच्या स्टुडिओतून आजवर एकही माणूस कुरूप होऊन बाहेर पडलेला नाही. आत जाताना तो कसा होता, हे तिथे कोणी विचारत नाही. ओळखपत्राचा फोटो काढायला आलेली माणसं पाकीट उघडून स्वतःकडे बघत राहत आणि मग हळूच विचारत, "काका, चुकून दुसऱ्याचा नाही ना दिलात?" गल्लीत म्हणत, की फोटोकाकांच्या हाताखालून कारलं गेलं तरी काकडी होऊन बाहेर येईल. काकांना हा टोमणा वाटत नसे. ते प्रशस्तिपत्रक समजून खिशात घालत.

हा हात त्यांना वडिलांकडून आला होता. वडील याच स्टुडिओत, याच खुर्चीवर बसून निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करत. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी काकांना बाराखडीच्या आधी शिकवला होता. आठवड्यात जाणारं फोटोत ठेवायचं नाही, जन्मभर राहणारं काढायचं नाही. म्हणजे मुरूम, पुटकुळी, डास चावल्याची गांध हे सगळं जाणार. तीळ, व्रण, वाकडं नाक, पुढे आलेले कान राहणार. एवढ्याशा नियमावर दोन पिढ्यांचा संसार झाला. पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला, नियम तोच राहिला. फक्त काकांचा हात आता इतका तयार झाला होता, की डाग पुसताना डोकं लागत नसे. डोकं रेडिओकडे असे. घोटाळा झाला तो इथेच.

गुरुवारी सकाळी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. वर्गावर्गांचे वार्षिक फोटो काकांनी बरोबर दोन आठवड्यांमागे काढले होते आणि आदल्याच दिवशी शाळेत पोचवले होते. कौतुकाचाच फोन असणार म्हणून काकांनी आवाज जरा गोड केला.

"काका, तिसरीच्या वर्गाचा फोटो समोर आहे माझ्या. मुलं अगदी लख्ख दिसतायत."

"आभारी आहे बाई."

"आभार नंतर माना. यातली चौदा मुलं आज कांजिण्या येऊन घरी पडली आहेत. हे नेमकं सुरू कधी झालं, ते मी शोधतेय. फोटोच्या दिवशी कोणाच्या अंगावर काही होतं का? वर्गशिक्षिका म्हणतात, लक्ष नव्हतं. म्हटलं फोटोत दिसेल. तर तुमच्या फोटोत कोणाला साधा तीळ नाही."

"तीळ आहेत," काका दुखावून म्हणाले. "तीळ मी कधीच काढत नाही."

"मग काय काढता?"

या प्रश्नावर काकांनी "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. हात लावायच्या आधीचा. पहिल्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिच्या कपाळावर चार, गालांवर सात आणि मानेवर कॉलरमधून डोकावणाऱ्या तीन लालसर पुटकुळ्या होत्या. एक-दोन तर टपोऱ्या, आत पाणी धरलेल्या. तिच्या शेजारी पुढचे दात पडलेला एक मुलगा होता, त्याच्या तोंडावर सतरा. एकूण एकतीस पुटकुळ्या काकांनी स्वतःच्या हाताने, रेडिओवर क्रिकेट ऐकत ऐकत पुसल्या होत्या. त्या संध्याकाळी जेवताना ते बायकोला म्हणालेसुद्धा होते, "यंदा शाळेत डास फार झालेत बरं का."

त्यांनी बाईंना परत फोन करून सगळं कबूल केलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे साथ आमच्या शाळेत आली, तुम्ही ती फोटोतून घालवलीत, आणि आम्ही ती भिंतीवर टांगायला निघालो होतो." त्या फार शांतपणे बोलल्या, त्यामुळे जास्त लागलं.

पण काकांच्या तोंडचं पाणी पळालं ते फोन ठेवल्यावर. फोटो काढताना त्यांची एक सवय होती. प्रत्येक मुलाची हनुवटी दोन बोटांनी धरायची, तोंड उजेडाकडे वळवायचं आणि नाकाजवळ नाक नेऊन म्हणायचं, "आता हस." दात पडलेला मुलगा हसला नव्हता, शिंकला होता. आणि शनिवारी, म्हणजे परवा, काकांची मुलगी येणार होती. सहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन, पहिल्यांदाच, आठ दिवसांसाठी. नात काकांनी अजून फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली होती. तेही फोटो इतके हललेले, की धंद्यातल्या माणसाला पाहवू नयेत. वरच्या मजल्यावर काकूंनी पाळण्याची जागा तीनदा बदलून झाली होती. ती पोर एकदा हातात घ्यायची, एवढंच काकांना हवं होतं. गेले सहा आठवडे त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, म्हणून तर ते रेडिओ लावून डाग पुसत बसले होते.

गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

"आल्या असतील की."

"असतील नको. होत्या की नव्हत्या?"

"आल्या असल्या तर?"

"तर बाळाला खुशाल घ्या. एकदा आल्या की सहसा परत येत नाहीत. आल्या नसतील, तर संसर्ग झाल्यापासून दहाव्या ते एकविसाव्या दिवसात कधीही येतील. आणि अंगावर उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागतात. आज तुमचा चौदावा दिवस. लस आता उशिराची."

"रक्त तपासून कळत नाही?"

"कळतं. रिपोर्ट यायला इथे आठ दिवस लागतात."

"मुलीला लस दिलेली आहे. बायकोला लहानपणी येऊन गेल्यात. मलाही बहुतेक..."

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहा आठवड्यांच्या बाळासाठी मी 'बहुतेक' हा शब्द वापरत नाही. तुमच्या आईंना विचारा. आयांना आठवतं."

आई थोरल्या मुलाकडे राहत होती, दोन गल्ल्या सोडून. वय एक्याऐंशी, ऐकू स्वच्छ, आणि आठवणीबद्दल स्वतःचं मत फार चांगलं. ती ठामपणे म्हणाली, "दोघांपैकी एकाला आल्या होत्या. दुसऱ्याला मी लगेच मावशीकडे पाठवलं, म्हणून तो वाचला."

"कोणाला आल्या, आई?"

"जो जास्त रडायचा त्याला."

"जास्त कोण रडायचं?"

"दोघंही. कंटाळा यायचा नुसता."

तेवढ्यात आतून दादा आला. काकांचा हा थोरला भाऊ वजनं-मापं तपासायच्या सरकारी खात्यातून मुदतीआधीच निवृत्त झाला होता. तीस वर्षं दुकानांतले तराजू तपासून खाली "तपासलं. बरोबर." असं लिहून सही करण्यात गेली होती, आणि सवय काही सुटली नव्हती. घरातल्या घरात दूधवाल्याच्या मापावरही त्याची सही असे. तो म्हणाला, "कांजिण्या मला आल्या होत्या. यात विचारण्यासारखं काय आहे? मोटार कोणाकडे आहे?"

इथे मोटारीबद्दल सांगायला हवं. कांजिण्या आलेल्या मुलाला वडिलांनी किल्लीची एक निळी पत्र्याची मोटार आणून दिली होती, खाजवू नये म्हणून. हात गुंतून राहावेत एवढाच उद्देश. ती मोटार एकोणपन्नास वर्षं दादाच्या काचेच्या कपाटात होती, आणि एकोणपन्नास वर्षं काकांचं म्हणणं होतं, की दादाने ती बळकावली.

"मोटार तुझ्याकडे आहे, कारण तू मोठा होतास आणि दांडगट होतास," काका म्हणाले. "मला स्पष्ट आठवतंय. मी माळ्यावरच्या खोलीत पडलो होतो आणि मोटार पलंगाखाली गेली होती."

"पलंगाखाली गेली होती ती माझी. तू मावशीकडे होतास."

"मावशीकडे तू होतास."

"मावशीकडे मी दर सुट्टीत असायचो. ते धरून चालायचं नाही."

दोन पिकल्या केसांची माणसं कांजिण्यांवर असा हक्क सांगताना पाहून दादाची बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दादा बाळाशी वैर धरून होता असं नाही. त्याचा जीव त्या पोरीवर काकांइतकाच होता. पण खोट्या मापावर सही करणं त्याच्या रक्तात नव्हतं. "पुरावा आण, मी मान्य करतो," तो म्हणाला.

पुरावा अंगावर शोधायचा पहिला प्रयत्न काकूंनी केला. कांजिण्यांचे खड्डे राहतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. काकूंनी काकांना भर दुपारी खिडकीशी बसवलं आणि त्यांचंच भिंग घेऊन त्यांचा नकाशा पाहायला घेतला. सात खुणा सापडल्या. कपाळावरची सायकलची, कोपरावरची इस्त्रीची, पोटावरची ऑपरेशनची. खांद्यावर एक खड्डा होता, त्यावर काका फार आशेने म्हणाले, "हा?" काकू म्हणाल्या, "हा मीच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कैची फेकली होती." उरलेल्या तिन्हींचाही लागलीच हिशेब लागला. सुखी संसाराचा हा एक तोटा असतो, की प्रत्येक खुणेला साक्षीदार निघतो.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला एक गोष्ट आठवली होती. "खपल्या पडल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीकडचा घरी आला, आणि त्याच दिवशी बाबांनी माझा नि तुम्हा दोघांचा फोटो काढला. दोघं पोरं परत एकत्र आली म्हणून. त्यात डाग असणार बघ."

तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवरच होता. मधे खुर्चीवर आई, दोन्ही बाजूंना दोन मुलगे, एकाच ठाणातले शर्ट, एकाच वाटीने कापल्यासारखे केस. काका धाकटे, म्हणून त्यांना एका पाटावर उभं करून उंची सारखी केलेली, पाट मात्र फोटोच्या चौकटीबाहेर. डावीकडचे काका, उजवीकडचा दादा. काकांनी फोटो खाली उतरवला, भिंग लावलं आणि तसंच खाली ठेवलं. दोन्ही पोरांचे चेहरे सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत होते. वडिलांनी नियम पाळला होता. आठवड्यात जाणारं फोटोत ठेवलं नव्हतं.

"बापाने माझ्या कांजिण्या पुसल्या," काका काकूंना म्हणाले. त्यांना रडू येईलसं झालं होतं.

"आणि तुम्ही एकतीस पुसल्यात," काकू म्हणाल्या. "खाण तशी माती."

पण पुसणाऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट माहीत असते. पुसलेलं कुठेतरी शिल्लक राहतं. चेहऱ्यावरचा काळसर डाग निगेटिव्हवर उलटा, रिकाम्या पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. त्या रिकाम्या जागेत वडील सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन बारीक बारीक शिसं भरत, म्हणजे छापताना तिथून उजेड कमी जाई आणि डाग नाहीसा होई. कागदावरून नाहीसा होई. निगेटिव्हवर मात्र पेन्सिल राहते. तिरप्या उजेडात धरलं की शिसं चकाकतं. आणि वडिलांनी उभ्या आयुष्यात एकही निगेटिव्ह टाकली नव्हती.

शुक्रवारी सकाळी काकांनी मागच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक उघडली. साक्षीदार म्हणून दादाला बोलावलं होतं. तो चष्म्याची दोन घरं घेऊन आला आणि स्टुलावर ताठ बसला. पाकिटांवर वडिलांच्या बारीक अक्षरात तारखा होत्या, त्यामुळे हवं ते पाकीट दहा मिनिटांत हाती लागलं. काकांनी निगेटिव्ह कडेने धरली, शिशाची बाजू स्वतःकडे केली आणि खिडकीतल्या उजेडात तिरपी केली.

एका मुलाचा चेहरा कोरा होता. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत शिसं चमकत होतं. बावीस ठिपके. वडिलांचा हात काय सुरेख होता, हे काकांना पहिल्यांदा दिसलं, आणि पाठोपाठ दिसलं, की ठिपके डावीकडच्या मुलावर आहेत.

"डावीकडचा," काका म्हणाले. "दादा, बघ. डावीकडचा."

दादाने पहिला चष्मा लावून पाहिलं, मग दुसरा लावून पाहिलं. भिंतीवरून उतरवलेला फोटो शेजारीच होता. त्यात डावीकडे काका. दादाने निगेटिव्ह परत दिली आणि घरी निघून गेला. तासाभराने परत आला तेव्हा त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेली निळी मोटार होती.

"घे," तो म्हणाला. "मला अजूनही आठवतं रे, की अंगाला खाज सुटली होती. रात्रभर आई हात धरून बसली होती. पण पुरावा तो पुरावा." आणि तो मोटारीकडे न बघता पायऱ्या उतरला.

काकांनी मुलीला फोन लावला. "ये गं," म्हणाले. "बाबांना कांजिण्या येऊन गेल्यात. पक्कं." मुलगी इतकी हसली, की पलीकडे बाळ जागं झालं. वरच्या मजल्यावर काकूंनी पाळणा चौथ्यांदा हलवला. काकांनी मोटारीला किल्ली दिली आणि ती टेबलावर सोडली. ती डावीकडे ओढत होती, पण चालत होती.

मग त्यांनी निगेटिव्ह पाकिटात ठेवायला उचलली. ठेवता ठेवता सहज बघितलं, आणि त्यांचं लक्ष शर्टावर गेलं. खिसा. दोन्ही पोरांच्या शर्टांना एकेक खिसा होता, आणि तो छातीच्या उजव्या बाजूला होता.

शर्टाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो. भिंतीवरच्या फोटोत तो तिथेच होता. काकांनी निगेटिव्ह उलटी केली. खिसा जागेवर आला, आणि ठिपके उजवीकडच्या मुलावर गेले.

पेन्सिलीचं काम निगेटिव्हच्या खरबरीत बाजूने करतात. शिसं बघायचं म्हणून काकांनी ती बाजू स्वतःकडे धरली होती, आणि त्या बाजूने सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. ही गोष्ट वडिलांनी त्यांना दहाव्या वर्षी शिकवली होती. वीस वर्षं कॉम्प्युटरवर काम केल्यावर हात विसरला होता, आणि डोकं, सवयीप्रमाणे, दुसरीकडे होतं. कांजिण्या दादाला आल्या होत्या. मावशीकडे काका होते.

काका खुर्चीवर बसून राहिले. हे जगात कोणालाही कळणार नव्हतं. निगेटिव्ह वाचणारं माणूस गावात दुसरं उरलं नव्हतं. दादाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मान्य केलं होतं. आणि काय सांगावं, कांजिण्या येणारच नाहीत कदाचित. चौदा दिवस गेले होते, उरलेले सातही जातील. एका पुटकुळीएवढीच तर गोष्ट होती, अलगद पुसता आली असती. काकांच्या हाताला ते काम जन्मभर येत होतं. त्यांनी नातीचा हललेला फोटो फोनवर काढला. तिच्या नाकाच्या शेंड्यावर बाळांच्या नाकावर असतात तसे चार पांढरे ठिपके होते. दोन आठवड्यांत जाणारे. एवढ्याशा नाकावर आणखी काही उठवायची हिंमत त्यांना झाली नाही.

ते जिना चढून वर गेले आणि काकूंना म्हणाले, "मी निगेटिव्ह उलटी बघितली."

काकू पाळण्याला दोरी बांधत होत्या. त्यांनी वळून पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि दोरी सोडली. "आधी पोरीला फोन करा," त्या म्हणाल्या. "मग खाली गादी टाकते तुमची."

मुलगी म्हणाली, "बाबा, मग मी पुढच्या महिन्यात येते."

"पुढच्या महिन्यात तुझी सुट्टी संपते. तू ये. तुझी आई वर आहे, पाळणा वर आहे. मी खाली स्टुडिओत राहतो. जिना बाहेरून आहे, गाठच पडायची नाही." हे सांगताना त्यांचा आवाज इतका वाईट झाला, की मुलीने विषय बदलून रेल्वेची वेळ सांगितली.

मोटार घेऊन काका दादाच्या दारात गेले, आणि दोन हात लांब उभं राहून त्यांनी खिशाची हकिकत सांगितली. दादाने ती दोनदा सांगायला लावली. त्याचा चेहरा आधी उजळला, एकोणपन्नास वर्षांची खाज खरी ठरली म्हणून. मग काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं आणि चेहरा पडला. "म्हणजे तुला घेता येणार नाही तिला," तो म्हणाला.

"नाही."

"छोट्या, तू गप्प बसला असतास तर मला कळलं नसतं."

"माहीत आहे."

शनिवारी मुलगी आली. काकांनी स्टुडिओच्या दाराच्या फटीतून तिची पावलं आणि बाळाच्या दुपट्याचा एक कोपरा जिन्यावरून वर जाताना पाहिला. रविवारी त्यांचं अंग मोडून आलं. सोमवारी सकाळी दाढी करताना गळ्यावर पहिली पुटकुळी दिसली, आणि दुपारपर्यंत ते असे फुलले, की डॉक्टरीणबाई मास्क लावून दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "या वयात लहान मुलांपेक्षा जास्त त्रास होतो. गोळ्या वेळेवर घ्या. खाजवायचं नाही. आणि शनिवारी बाळ मांडीवर घेतलं असतंत, तर आज मी बाळाला आधीच इंजेक्शन द्यायला वरच्या मजल्यावर धावत असते." काका तापात होते, तरी त्यांना ते वाक्य औषधासारखं लागू पडलं.

शुश्रूषेला दादा आला. गावात कांजिण्यांचा पुरावा असलेला तोच एक रिकामा माणूस होता. तो रोज सकाळी यायचा, कॅलामाइनचं गुलाबी औषध कापसाने एकेका फोडाला लावायचा आणि मोजायचा. मंगळवारी दोनशे बारा. बुधवारी दोनशे साठ. "तुझं सगळं जास्तच," तो म्हणाला. काका खाजवायला लागले की तो त्यांच्या हातावर चापट मारायचा. गुरुवारी त्याने खिशातून निळी मोटार काढली आणि गादीवर ठेवली.

"ही कशाला?"

"ज्याला कांजिण्या त्याला मोटार. बाबांचा नियम. हात गुंतव."

मग दिवसभर चोपन्न वर्षांचा एक गुलाबी माणूस मोटारीला किल्ली देत बसला. ती डावीकडे ओढून भिंतीवर आदळे आणि छप्पन्न वर्षांचा दुसरा माणूस ती उचलून आणून देई. वरून बाळाचं रडणं आलं की दोघंही थांबत. रडणं थांबलं की मोटार परत सुरू होई.

रविवारी मुलगी जाणार होती. सकाळी ती बाळाला घेऊन रस्त्यावर आली आणि स्टुडिओच्या काचेच्या शोकेससमोर उभी राहिली. आत काका, बाहेर नात, मधे बोटभर जाडीची काच. काकांनी कॅमेरा तिपाईवर लावला होता. काचेतून फोटो काढताना मागे काळा पडदा धरावा लागतो, नाहीतर आतल्या माणसाचं प्रतिबिंब फोटोत उतरतं. हे काकांना माहीत होतं. पडदा दादाच्या हातात होता. पण तेवढ्यात बाळाने डोळे उघडले, आणि काका कॅमेरा, धंदा, वडील, सगळं विसरून कॅमेऱ्याच्या शेजारी वाकून जीभ बाहेर काढून वेडावू लागले. दादाने पडदा टाकून दिला आणि काकांच्या खांद्यावरून मोटार नाचवली. बाळ कोणाकडे बघत होतं कोण जाणे, पण बघत होतं. काकांनी कॅमेऱ्याच्या वायरचं बटण दाबलं.

दुपारी मुलगी गेल्यावर त्यांनी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. मधे बाळ होतं, लख्ख, नाकावर चार ठिपके. त्याच्या डाव्या बाजूला काचेत उतरलेला काकांचा चेहरा होता, जीभ बाहेर, खपल्यांनी भरलेला आणि त्यावर गुलाबी औषधाचे थर. मागे एक निळी मोटार आणि दादाचा अर्धा कान. काकांचा हात सवयीने पुढे गेला. पहिली खपली त्यांनी कपाळावरची धरली. आठवड्यात जाणारं होतं सगळं, नियमात बसत होतं. हात तिथेच थांबला. त्यांनी रेडिओ बंद केला, फोटो नीट पाहिला, आणि होता तसा छापला.

फोटो वाळल्यावर त्यांनी तो पालथा केला, वडिलांची एक जुनी पेन्सिल शोधून काढली आणि मागे लिहिलं. "मधे नात. डावीकडे डागवाला तो मी, वय चोपन्न. कांजिण्या दादाला लहानपणी आल्या, मला आत्ता. हिला माझ्यामुळे आल्या नाहीत."

दादाने फोटो हातात घेऊन आधी एक चष्मा लावला, मग दुसरा. मागची बाजू वाचली, पुढची बघितली, शर्टाचा खिसा कुठे आहे तेही पाहिलं, काचेत तो उलटाच येणार हेही जमेला धरलं. मग पेन्सिल मागून घेतली, खाली लिहिलं, "तपासलं. बरोबर." आणि सही केली.